नारिंगी मावशीच्या पांढऱ्या ताटल्या

माझी मावशी मक्याच्या कुरकुरीत काड्यांच्या कारखान्यात रंग बघायची. बघायची म्हणजे नुसतं बघायचीच. एवढ्याचा पगार मिळतो, हे मला लहानपणी खरं वाटायचं नाही. यंत्रातून फिक्कट काड्या पडायच्या, त्यांच्यावर तेल, मसाला आणि रंग चढायचा, आणि दर अर्ध्या तासाला त्यातल्या मूठभर मावशीच्या टेबलावर यायच्या. ती त्या पांढऱ्या ताटलीत ओतायची, शेजारी ठरलेला नमुना ठेवायची आणि म्हणायची, "चिमूटभर कमी." ती चिमूट कधी चुकली नाही. कारखान्यात तिचं नावच नारिंगी मावशी पडलं होतं, कारण कितीही हात धुतले तरी नखांच्या कडा नारिंगीच राहायच्या.

एकदा तिने आम्हा भावंडांपुढे दोन वाट्या ठेवल्या. एकीत रंगवलेल्या काड्या, दुसरीत बिनरंगाच्या. मी छातीठोकपणे सांगितलं, नारिंगीच जास्त तिखट! मसाला दोन्हींत अगदी सारखा होता. मावशी पोट धरून हसली. "जीभ बिचारी मागाहून येते गं. डोळे आधीच जेवून बसलेले असतात."

पण घरात तिने रंगाचा कणही कधी आणला नाही. आणल्या त्या फक्त ताटल्या. रंग पारखायचा तर पांढऱ्यावरच, हा तिथला नियम. टवका उडालेली ताटली तिथे चालत नसे, ती मावशीला फुकट मिळे. आमच्या फडताळात अशा पंधरा-वीस होत्या, आणि मावशीला त्यांचा कोण अभिमान!

मग आजीचं, म्हणजे मावशीच्या आईचं, जेवण सुटलं. तिचे दात कधीच गेले होते आणि डोळे अधू झाले होते. "धुकं दिसतं," म्हणायची. मावशी तिला मऊ भात आणि कुस्करलेला बटाटा वाढायची, वर शिजवलेल्या गाजराचे चार तुकडे. आजी तेवढं गाजर वेचून खायची आणि ताटली सरकवायची. महिनाभरात तिची अंगठी बोटातून गळून पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "वजन आणखी दोन किलो उतरलं, तर नाकातून नळी घालावी लागेल." मावशीने हात जोडले, रागावली, रडली. मी तर एकदा आजीवर ओरडलेच, "आता नखरे पुरे!" त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

एका संध्याकाळी मावशी कामावरून आली ती थेट ओट्याशी गेली. "आई गाजरच का खाते, कळलं मला. रंगाला भुलतेय. सगळं जग भुलतं, तिचं काय चुकलं?" तिने पर्समधून कारखान्यातल्या रंगाची पुडी काढली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. "आईला फसवून जेवू घालायची वेळ आली बघ माझ्यावर."

ताटल्या घासायचं काम माझं, आणि मी पक्की आळशी. सगळ्या खरकट्या पडल्या होत्या. म्हणून मावशीने भात डब्याच्या गडद निळ्या झाकणात वाढला, आजीपुढे ठेवला आणि पुडी उघडायला वळली. पुडी उघडून परत येते तर आजीचा चमचा चालू होता. एक घास, दुसरा, तिसरा. झाकण खरवडल्याचा आवाज आला.

मावशी पुडी तशीच हातात धरून आजीशेजारी बसली. "आई, मग रोज का गं जेवत नव्हतीस?"

"रोज कुठे वाढायचीस?" आजी म्हणाली. "चार तुकडे गाजर असायचं, ते खायची. बाकी ताटली रिकामी. म्हटलं, घरात ओढाताण असेल. कशाला विचारून तुझा जीव खाली-वर करायचा?"

पांढऱ्या ताटलीत पांढरा भात. आजीच्या धुक्यातून तो दिसलाच नव्हता. चिमूटभर रंगाचा फरक ओळखणाऱ्या मावशीने महिनाभर रोज दोन वेळा स्वतःच्या हाताने ती ताटली पुढे ठेवली होती. ती रडत नव्हती, पण मला तिच्याकडे बघवेना.

ती उठली आणि पुडी मोरीत झटकली. पाणी क्षणभर नारिंगी होऊन वाहून गेलं. मग तिने पातेलं उचललं. "अजून वाढू, आई?"

आजीने झाकण पुढे केलं, आणि लगेच मागे घेतलं.

"तुझ्यापुरता उरलाय ना गं?"