गैरसोयीचं खातं

कांद्याच्या वखारीत बाया कांदा निवडायला बसल्या की किश्श्यांचा ढीग कांद्याहून उंच होतो. कांदा व्यापारी तोलून नेतो, किस्से आमच्या पदरात राहतात. हे दौंडचे, एकाच सालातले. दुष्काळ सरला होता.

भाड्याच्या खोलीत माझी उमर गेली. घरमालक आप्पा म्हणाले, "दोन खोल्या विकायच्यात. गुढीपाडव्यापर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देणार." निम्मे पैसे साठले होते, बाकीचे मजुरीतून जमवायचे. पण तोवर ठेवायचे कुठं? घरात ठेवले की आमचे मालक हुंगून काढत!

*

वखारीतली हौसा म्हणाली, "सोनं कर."

तिनं केलं होतं. नणंदेनं लग्नात मिरवायला नेलं, ते परत आलंच नाही.

"आगं, मग मला कशाला सांगतीस?"

"माझ्या एकटीचंच गेलं, म्हणून लई वाईट वाटतंय गं!"

*

राहू गावची गया, धनगराची लेक. म्हणाली, "शेळी घे. शेळीचं व्याज दारात उड्या मारतंय!"

तिच्या शेळीला दोन करडं झाली. आखाडात पाव्हणे आले. दुसऱ्या दिवशी गया वखारीत म्हणाली, "मुद्दल हाय. व्याज पाव्हण्यांनी खाल्लं!"

सगळ्या हसल्या. पलीकडच्या ढिगावर माझी धाकटी जाऊ सखू बसली होती, ती हसली नाही. तिच्याही दोन शेळ्या होत्या. कुणी मटणाचं नाव काढलं तर विळा दाखवायची. पाण्याच्या हंड्यावरून आम्हा दोघींचं बोलणं बंद होतं, कित्येक सालं.

*

मी पोस्टात खातं काढलं. पोस्टमास्तर भला माणूस. फारच भला! चहाच्या टपरीवर आमच्या मालकांना म्हणाला, "वहिनी काटकसरी हो! आज पण पैसे टाकून गेल्या."

संध्याकाळी मालकांचा हात पुढं. दोन दिवस मी चूल पेटवली नाही, पण पासबुक दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पैसे काढले आणि थेट बँकेत गेले.

*

बँकेतला साहेब तरुण होता, सालस. म्हणाला, "मुदत ठेव करा. पाडव्याच्या आधी मुदत संपेल."

"मधी कुणी मोडायचं म्हटलं तर?"

"व्याज कमी मिळेल, पण पैसे मिळतील. तुमचीच सोय आहे, बाई."

"मला सोय नको! एखादी गैरसोय हाय का?"

तो हसला नाही. म्हणाला, "दोघींच्या नावानं ठेवा. मोडायला दोघींना यावं लागेल. विश्वासातली कुणी आहे का, जिच्याशी पटतं?"

"जिच्याशी पटत न्हाई अशी हाय."

*

गयाच्या हाती सखूला निरोप धाडला: एक खोली तुझी, एक माझी. तुझेही पैसे घाल.

उलटा निरोप आला, "मधली भिंत जाड पायजे."

मी सही केली, सखूनं अंगठा दिला. एक शब्द नाही. पुढं आमचे मालक एकदा तिच्याकडं अंगठा मागायला गेले. विळा बघून परत आले!

*

थंडी सरता सरता सखू माझ्या दारात आली. पायात चप्पल नव्हती.

"माझ्या आईला पुण्याच्या दवाखान्यात न्यायची हाय. चल बँकेत."

तिच्या एकटीच्या पैशात भागणारं नव्हतं. साहेबानं मला विचारलं, "बाई, पाडवा जवळ आलाय. घराचं काय?"

"सही कुठं करायची तेवढं सांगा."

म्हातारी वाचली. घर गेलं, असं मी धरून चालले.

*

पाडव्याला आप्पांकडं गेले. म्हटलं, तोंडानं सांगून मोकळं व्हावं, द्या बाबा दुसऱ्याला.

आप्पा दारात उभे. त्यांच्या ओट्याच्या खांबाला दोन शेळ्या बांधलेल्या. ओळखीच्या.

"सखू सकाळीच बांधून गेली," आप्पा म्हणाले. "म्हणाली, हा इसार धरा आन् अजून एक साल थांबा."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, आक्काला सांगा, चारापाणी तिनं बघायचं. मी तिच्याशी बोलत न्हाई."