कप्तानाची पिशवी आणि पहिलं बाळंतपण

माझे वडील साताऱ्याचे. पलटणीत ते एका गोऱ्या कप्तानाचे ऑर्डर्ली होते. विलायतेला परत जाताना कप्तान आपली चामड्याची पिशवी त्यांना देऊन गेला. मोहिमेवर नकाशे न्यायची पिशवी ती. रुंद झाकण, पितळी बकल, आत पेन्सिलींना नळ्या आणि होकायंत्राला खोबण. वडील दर रविवारी तिला पॉलिश करायचे. लढाई चालू असतानाच मला जतच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, तेव्हा त्यांनी ती माझ्या खांद्याला अडकवली. मी नकाशाच्या कप्प्यात हातमोजे ठेवले आणि होकायंत्राच्या खोबणीत सुपारी.

पहिल्याच महिन्यात एका वाडीवरून बाळंतपणाचा निरोप आला. गाडीवानानं मला वाडीपाशी उतरवलं. लिंबाखाली पाचसहा बाप्ये मेंढरं कातरत बसले होते. मला बघताच ते उठून पळाले. अर्धी कातरलेली एक मेंढी तिथंच राहिली. मला वाटलं, घरी वर्दी द्यायला गेले असतील.

घरात बाळंतीण कळा देत होती आणि सासू एकटीच धावपळ करत होती. मी म्हटलं, "पाणी तापवायला लाकडं फोडून हवीत. घरातले पुरुष कुठायत?"

"पळालं की समदं," सासू म्हणाली. "मागं भरतीचा सायेब आलता, त्याच्या खांद्याला असलीच पिशवी हुती. पोरांची नावं लिवायचा कागद त्यानं त्यातनंच काढला."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या ज्वारीच्या कणगीतून शिंक आली.

बाळंतीण कण्हतच म्हणाली, "आवं, भाईर या. भरतीवाली न्हाई, दवाखान्याची बाई हाय."

"आदी पिशवी उघडून दाव म्हणावं," आतून नवऱ्याचा आवाज आला.

मी एकेक जिन्नस वर धरून दाखवला. कात्री, दोरा, साबण, बोरिक पावडर. सुपारी दिसल्यावर त्याची खात्री पटली. डोक्यात भुसा घेऊन तो बाहेर आला, लाकडं फोडून चूल पेटवली आणि उंबऱ्याबाहेर जाऊन बसला.

दिवस कलताना मुलगी झाली. पहिली मुलगी म्हटल्यावर पडलेले चेहरे मी शिकाऊ असताना पुष्कळ पाहिले होते, म्हणून त्याला जरा जपूनच सांगितलं.

त्याचा चेहरा मात्र उजळला. "लय बेस झालं, बाई. हिला कोण भरतीला न्हेत न्हाई."

सासूनं माझ्या ओटीत नारळ घातला. बाळाचा बाप मला गाडीपर्यंत पोचवायला आला. नारळ त्यानं आपणहून हातात घेतला. पिशवी धरू का, असं काही त्यानं विचारलं नाही.