वल्ह्यावरचा एक सेंटिमीटर

कोचनी कामाच्या टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

"हा आपला. हा त्यांचा. काय दिसतंय, मिस्त्री?"

मिस्त्रींनी चष्मा शर्टाला पुसला. दोन्ही फोटोंत वल्ही होती. डावीकडे आपल्या विद्यापीठाची, निळ्या पात्यांची. उजवीकडे पलीकडच्या काठावरच्या विद्यापीठाची, पिवळ्या पात्यांची. गेल्या रविवारच्या सराव शर्यतीआधी काठावर टेकून ठेवली असताना टिपलेली.

"वल्ही दिसतायत, साहेब."

"कॉलर बघा."

प्रत्येक वल्ह्याच्या दांड्यावर प्लास्टिकची एक कॉलर असते. वल्हं बोटीच्या कडीत नेमकं कुठे टेकणार, ते ती ठरवते. कॉलर पात्याच्या बाजूला सरकवली की वल्ह्याचा हाताकडचा भाग लांब होतो, पाण्याकडचा आखूड, आणि ओढायला वल्हं हलकं लागतं. उलट सरकवली की जड. त्या दिवशी वारा समोरून होता. समोरच्या वाऱ्यात जड वल्हं मुलांचा जीव काढतं, म्हणून मिस्त्रींनी आठही कॉलर सरकवल्या होत्या. फोटोत पिवळ्या वल्ह्यांच्या कॉलरही सरकलेल्या होत्या. दांड्यावर चिकटवलेल्या पट्टीवर माप स्वच्छ वाचता येत होतं. दोन्हीकडे एक सेंटिमीटर. नऊ मिलिमीटर नाही, अकरा नाही.

"त्यांच्या बोटघरात मिस्त्री कोण आहे?" कोचनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"धाकटा भाऊ माझा."

"मग?"

मिस्त्रींनी खरं ते सांगितलं. दोघंही वडिलांच्या हाताखाली शिकले. वडील लाकडी बोटी बांधायचे आणि पट्टी वापरायचे नाहीत. वारा तोंडावर असला की कॉलर करंगळीच्या नखाएवढी सरकवायची, असा त्यांचा नियम होता. दोन्ही पोरांची नखं वडिलांवर गेली होती.

"नख," कोच म्हणाले. त्यांनी तो शब्द असा उच्चारला, की मिस्त्रींना स्वतःलाच तो खोटा वाटला. "चार वर्षं हरतोय आपण, मिस्त्री. आपण पुलाजवळ जोर लावायचं ठरवलं की ते पुलाच्या आधीच लावतात. आपण मागे राहून दमवायचं ठरवलं की तेही मागे राहतात. आणि तुम्ही मला नख दाखवताय. ऐका. शर्यतीच्या दिवशी पुन्हा दोघांचं माप एकच निघालं, तर बोटघराच्या किल्ल्या या टेबलावर ठेवायच्या. मी चौकशी वगैरे करत बसणार नाही."

सव्वीस वर्षं त्या किल्ल्या मिस्त्रींच्या कमरेला होत्या. रात्री उशाशी काढून ठेवल्या तरी सकाळी उठल्यावर हात आधी कमरेकडे जायचा. कोणत्या बोटीच्या पोटात कुठे बारीक तडा आहे, ते त्यांना बोटीवर नुसतं बोटाने वाजवून कळायचं. आता त्यांच्याच कार्यशाळेत कोच खुर्ची टाकून बसू लागले. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली गेली. बोटीवर चादर आली. पलीकडच्या काठावर एक माणूस रोज गळ टाकून बसायचा. महिनाभरात त्याला एक मासा लागला नव्हता, आणि त्याच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं. तो दिसला की कोच बोटीच्या पोटाखालून एक ओलं पोतं बांधायला लावायचे, म्हणजे बोट मुद्दाम रखडावी आणि त्याने चुकीची वेळ लिहून न्यावी. मुलं हसायची. सुकाणू धरणारी मुलगी सगळ्यांत लहान चणीची, तिला सगळे चिमणी म्हणायचे. ती एकदा म्हणाली, "काका, त्या माणसाला एक दिवस आपणच मासा नेऊन देऊ या. बिचारा घरी काय तोंड दाखवत असेल!"

मिस्त्रींना हसू आलं नाही. ताजा रंग बाहीला चिकटावा तसा कोचचा संशय त्यांना चिकटला होता, आणि आता तो त्यांच्याच हाताने पुढे पसरत चालला होता.

रविवारी धाकटा जेवायला आला. दर रविवारी यायचा. बायको गेल्यापासून घरी एकटाच असायचा.

"काय दादा, मुलं दमदार आहेत का यंदा?"

हा प्रश्न त्याने दर वर्षी विचारला होता. या वेळी मिस्त्रींचा घास हातातच राहिला.

"का रे? तुला काय करायचंय?"

"अरे! विचारलं सहज."

"सहज कुणी काही विचारत नाही."

मिस्त्रींच्या बायकोने भात वाढता वाढता दोघांकडे पाहिलं. "अहो, काय झालंय तुम्हाला? भावोजींनी काय तुमची तिजोरी मागितली?"

"तिजोरी असती तर मागितली असती, वहिनी," धाकटा म्हणाला आणि हसला. ते हसणं मिस्त्रींना जरा जास्तच लांबल्यासारखं वाटलं. मग त्यांना आठवलं, महिन्यापूर्वी उसना घेतलेला लाकूड आवळायचा शिकंजा परत करायला हा बोटघरात आला होता. शिकंजा दारात देता आला असता. हा आत आला होता. बोटीजवळ उभा राहून "छान घासलीयस" म्हणाला होता. दांड्यावरची पट्टी वाचायला किती वेळ लागतो? दोन सेकंद.

आणि तेच माप वडिलांचं असेल तर? मग कुणीच काही वाचलं नव्हतं. पण हे दुसरं आठवलं तरी पहिलं पुसलं जात नव्हतं.

"पुढच्या रविवारी नको येऊस," मिस्त्री म्हणाले. "शर्यत होईपर्यंत."

धाकट्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "तुझ्या साहेबांनी सांगितलं?"

"मी सांगतोय."

तो उठला, हात धुतले आणि वहिनीचा निरोप घेऊन गेला. बायको दिवसभर मिस्त्रींशी कामापुरतंच बोलली.

शर्यतीच्या सकाळी मिस्त्री काठावर आले तेव्हा झेंडे सुरुवातीच्या रेषेच्या दिशेने ताणून फडफडत होते. म्हणजे वारा शेवटच्या रेषेकडून सुरुवातीकडे. थेट तोंडावर. पाण्यावर बारीक पांढऱ्या रेघा उठत होत्या. कॉलर सरकवायलाच हव्या होत्या, आणि किती, ते त्यांचा हात झोपेतही सांगू शकला असता.

धाकट्याचाही.

दोन्ही बोटी लाकडी घोड्यांवर उपड्या ठेवलेल्या होत्या, मध्ये पन्नास पावलांचं अंतर. धाकटा आपल्या बोटीपाशी पाठमोरा वाकला होता. काय करतोय ते दिसत नव्हतं. मिस्त्रींनी पाहायचं नाही असं ठरवलं आणि तीनदा पाहिलं. तेवढ्यात धाकट्याने मान वळवली, आणि दोघांनीही घाईने नजर दुसरीकडे नेली, एकाच वर्गात कॉपी करताना सापडलेल्या पोरांसारखी.

हात लावला नाही तर माप वेगळं राहणार होतं, किल्ल्या कमरेलाच राहणार होत्या. एक सेंटिमीटरऐवजी सात मिलिमीटर सरकवलं तरी भागलं असतं. कुणाला कळलं असतं? पण आठ मुलं वर्षभर अंधारात उठून पाण्यात उतरली होती, आणि तीन मिलिमीटर म्हणजे शेवटच्या तीनशे मीटरमध्ये खांद्यात पेटलेली आग.

चिमणी धावत आली. "काका, कोच लेनच्या चिठ्ठ्या काढायला गेलेत. वारा बघितलात? कॉलर बदलायच्या ना?"

"तुला काय वाटतं?"

"बदलायच्या. पण सगळे म्हणतायत की तुम्हाला..." ती थांबली. मुलांपर्यंतही पोचलं होतं तर.

मिस्त्रींनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. आठ वल्ही, प्रत्येकाचे दोन स्क्रू. सैल करायचे, सरकवायचं, आवळायचं. पट्टी त्यांनी पाहिलीही नाही. सातव्या वल्ह्यावर असताना मागे कोचची सावली पडली.

"काय करताय ते कळतंय ना तुम्हाला, मिस्त्री?"

"वारा बघा, साहेब."

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"लक्षात आहे." त्यांनी आठव्याचे स्क्रू आवळले, कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि कोचच्या हातात दिल्या. "आता जाऊन त्यांचं माप बघून या."

कोच गेले. पिवळ्या बोटीभोवती कुणाला तरी भेटायला आल्यासारखे रेंगाळले आणि परत आले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता.

"त्यांनी हातच लावलेला नाही. कॉलर मूळ खुणेवरच आहेत."

मिस्त्रींना आधी ते कळलंच नाही. समोरचा वारा, आणि धाकट्याने कॉलर तशाच ठेवल्या?

शर्यतीत पिवळे सुटतानाच पुढे गेले. पहिल्या पाचशे मीटरला त्यांची अर्धी बोट पुढे होती. चिमणीने मुलांना आवरून धरलं. तिचा बारीक, करकरीत आवाज काठापर्यंत येत होता. पुलाखालून बाहेर पडताच वारा मोकळा लागला आणि पिवळ्यांची वल्ही पाण्यातून उशिरा निघू लागली. प्रत्येक ओढीला जरा उशिरा. चिमणीने तिथेच जोर मागितला. निळ्यांचा वेग मिनिटाला दोन ओढींनी चढला, मग आणखी दोन. ते पिवळ्यांच्या बरोबरीला आले, मग पुढे, आणि रेषेवर पाऊण बोटीने जिंकले.

सगळे ओरडत होते. कोचनी मिस्त्रींना मिठी मारली, किल्ल्या परत त्यांच्या मुठीत दाबल्या आणि कानाशी म्हणाले, "बघा! या वेळी बातमी गेली नाही, तर जिंकलो."

"साहेब, बातमी कधीच जात नव्हती."

"असू द्या हो. झालं गेलं." आणि त्यांनी डोळा मिचकावला.

मिस्त्री मुठीतल्या किल्ल्यांकडे बघत राहिले. माप एक निघालं असतं तर ते चोर ठरणार होते. वेगळं निघालं, तर सुधारलेले चोर ठरले.

ते पन्नास पावलं चालत पलीकडे गेले. पिवळी बोट पाण्याबाहेर काढून ठेवली होती, मुलं कुठे कुठे पांगून बसली होती. धाकटा एकटाच फडक्याने बोटीचं पोट पुसत होता. थोड्या अंतरावर त्यांचा कोच फोनवर तावातावाने बोलत होता.

"वारा दिसला नाही तुला?" मिस्त्री म्हणाले.

"दिसला."

"मग?"

"साहेबांनी सांगितलं होतं, कॉलरला हात लावलास तर खबरदार. तुझ्या भावाच्या मापाशी जुळलं तर घरी बस, म्हणाले. त्यांच्याकडेही फोटो आहेत." त्याने फडकं पिळलं. "ऐकलं मी त्यांचं."

"तू ऐकलंस?"

"हो."

मिस्त्री त्याच्याकडे पाहत राहिले. या माणसाने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. वडिलांचं नाही, शाळेतल्या मास्तरांचं नाही, डॉक्टरने सिगरेट सोडायला सांगितली तर बाहेर पडून त्याने आधी सिगरेट पेटवली होती. तो साहेबाला घाबरून वाऱ्याकडे पाठ फिरवेल? की पन्नास पावलांवरून, आठ वल्ह्यांवर वाकलेला आपला भाऊ पाहून त्याने स्क्रू ड्रायव्हर खिशातच ठेवला? आणि ठेवला असेल, तर त्याच्या आठ मुलांचं काय?

"खरं सांग."

"सांगितलं की." धाकटा वर बघेना. "आता माझे साहेब म्हणतायत, मीच मुद्दाम हरवलं. तुझ्यासाठी."

"हरवलंस?"

धाकट्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि बोटीचं टोक धरलं. "पोरं दमलीत, सगळी उठायची नाहीत. मधे धरायला ही दोघं-चौघं येतील. तू त्या टोकाला धर. आत न्यायचीय."

इकडून निळा कोच बघत होता. तिकडे पिवळ्याने फोन कानावरून खाली घेतला होता. मिस्त्रींनी दोघांकडेही एकेकदा पाहिलं, बाह्या सारल्या आणि पिवळ्या बोटीखाली खांदा दिला.