भट्टीवरच्या राणीसाहेब

माझ्या थोरल्या बहिणीला, गेर्लिंडला, आल्टेनरोड गावातले लोक 'भट्टीवरच्या राणीसाहेब' म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या संस्थानाचे युवराज एगोन शिकारीहून परतताना आमच्या बेकरीपाशी घोडा थांबवायचे. पुढे डोंगरापलीकडच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये त्यांनी ताईशी गुपचूप लग्न केलं. जंगलातल्या बंगल्यात संसार थाटला. मुलगी लिओबा झाली, मग मुलगा वाइट. वाइट रांगायला लागला आणि थोरल्या महाराजांचा हुकूम आला: युवराजांनी आपल्या तोलामोलाच्या घराण्यातली राजकन्या करायची. लग्न लावणारा म्हातारा पाद्री तोवर वारला होता. दरबाराने जाहीर करून टाकलं, की असं लग्न झालंच नव्हतं!

आणि युवराज गप्प बसले. त्या गप्प बसण्याने आजही माझ्या अंगाची लाही होते.

ताई दोन्ही मुलांना घेऊन राजवाड्याच्या फाटकावर गेली. "एगोन, बाहेर ये! माझ्या डोळ्यांत बघून सांग, लग्न झालं नाही म्हणून!" वर खिडकीचा पडदा हलला. पहारेकऱ्यांनी तिला ओढत चौकापर्यंत आणलं.

ती बेकरीत परतली आणि कामाला लागली. लिओबा मोठी झाली, तिचं चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याच्या मुलाशी जमलं. त्याची आई आमच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांत म्हणाली, "बापाचं नाव नसलेली सून मला नको." ताईने तिच्या टोपलीतला पाव काढून घेतला. "जा, नाव असलेल्या बेकरीतून घे!"

तिकडे राजकन्येला तीन मुलीच झाल्या. आमच्याकडे मुलींना गादी मिळत नाही. तेव्हा एके दुपारी युवराज आमच्या दारात उभे. केस पिकलेले, हातात टोपी.

"गेर्लिंड, आपलं लग्न खरं होतं असं मी जाहीर करतो. तू फक्त शपथेवर सांग. वाइट वारस होईल. लिओबालाही नाव मिळेल."

"आणि तुमची बायको?"

"ती माहेरी जाईल. माझं पहिलं लग्न खरं ठरलं की दुसरं आपोआप रद्द होतं."

"तिच्या मुली?"

युवराज टोपी चाचपत राहिले.

"मी विचारतेय! त्या मुली कोण ठरणार? अनौरसच ना?" ताईचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "मी फाटकावर घसा कोरडा करत होते तेव्हा लग्न खोटं. आता मुलगा हवाय तर खरं! तुमचं लग्न आहे की चर्चच्या छपरावरचा पत्र्याचा कोंबडा, वारा फिरला की फिरायला?"

"तुला हेच तर हवं होतं," युवराज म्हणाले.

ताई थांबली. हवंच होतं तिला. तिने लिओबाकडे पाहिलं. शेवटी प्रश्न तिच्याही नावाचा होता.

लिओबा पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्या धाकटीचा साखरपुडा झालाय, आई. तिच्याही होणाऱ्या सासूने चारचौघांत तसंच बोलायला हवं का?"

ताईने दार उघडून धरलं. "चालते व्हा. मी शपथ घेणार नाही. जे माझ्या पोरीचं झालं ते दुसरीच्या पोरींचं मी करणार नाही. हे तुमच्यासाठी करत नाही, लक्षात ठेवा! तुमच्यासाठी मी बोटही हलवणार नाही."

संध्याकाळी वाइट कामावरून आला, सगळं ऐकलं आणि भडकला. "मला कुणी विचारलं? गादी माझी होती ना? तुम्ही दोघी ठरवून मोकळ्या!"

"तुला विचारायला हवं होतं," ताई म्हणाली. "तरी युवराजांना मी उत्तर हेच दिलं असतं."

त्याच आठवड्यात तो ब्रेमेनला निघून गेला.

युवराजांमागे गादी त्यांच्या चुलतभावाकडे गेली. लिओबाने पुढे एका विधुर सुताराशी लग्न केलं. त्याने बापाचं नाव विचारलंच नाही. वाइट बऱ्याच वर्षांनी बायकोला घेऊन आला. आता दर नाताळला येतो. जेवताना तो विषय निघतोच, दोघं माय-लेक तावातावाने भांडतात, आणि सून बिचारी रश्श्याचं भांडं उचलून बाजूला ठेवते.