विहीणबाईंचे आठ डोळ्यांचे पाहुणे

पस्तीस वर्षं धुळ्याच्या सरकारी कचेरीत काढली, सात साहेब पाहिले, एकदा टेबलाच्या खणात जिवंत विंचूही पाहिला; पण माझ्या विहीणबाईंनी मला जेवढं हादरवलं तेवढं या सगळ्यांनी मिळूनही हादरवलं नाही. विहीण म्हटली की मुलीच्या आईने मनाची एक तयारी करून ठेवलेली असते. मानपानात काही राहिलं तर बोलून दाखवतील, साडीचा पोत बोटांनी चाचपतील, आमटीत मीठ कमी होतं हे चौघींत सांगतील. ही सगळी तयारी मी चोख करून ठेवली होती. बाई जमिनीवर पालथी पडून कोळ्याचे फोटो काढत असेल, याची तयारी मात्र कोणतीच आई करत नाही.

लेक मी सावद्याला दिली. घर केळीच्या बागायतदारांचं. लेकीचे सासरे तिच्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे बाग, मजूर, पाणी, फवारणी हे सगळं विहीणबाईंनीच एकहाती सांभाळलेलं. लेक-जावई दोघंही नोकरीवाले. बाग वाट्याने देऊन विहीणबाई घरी बसल्या आणि नात सांभाळू लागल्या, असं लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. नात म्हणजे रेवा, तेव्हा पाच वर्षांची. आजी आणि नात दुपारभर मागच्या अंगणात रमतात, हेही लेकीने सांगितलं होतं. कशात रमतात, ते तिने सांगितलं नाही. आईचा स्वभाव तिला माहीत होता. आमच्या घरात कोळी दिसला की मी आधी किंचाळते, मग झाडू शोधते, आणि तो मेल्यावरही अर्धा तास त्या खोलीत जात नाही.

सुटीत सावद्याला गेले. हातात मिठाईचा डबा, पुढच्या घरात कोणी नाही. हाका मारत मागे गेले, तर लिंबाच्या झाडाखाली गोणपाटावर विहीणबाई पालथ्या पडलेल्या. डोकं फांद्यांत गडप, बाहेर नुसत्या भेगाळलेल्या टाचा. बाई कोसळल्या, या समजुतीने माझ्या हातातला डबा पडला आणि कचेरीत कधी ओठावर न आलेली माहेरची अहिराणी तोंडातून निघाली, "अय माय वं! हाई काय शे!" त्यावर पाठीवर घोडा करून बसलेल्या रेवाने ओठांवर बोट ठेवलं आणि पानांतून शांत आवाज आला, "हालू नका, ताई. तो उडी मारीन."

तो म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा कोळी. त्यांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने अडकवलेलं एक बोटभर भिंग होतं. जावयाने आईला गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला ते आणून दिलं होतं. गोळ्यांचं पाकीट त्या भिंगातून एकदाच पाहिलं गेलं. पाकिटावर एक मुंगी चालत होती, ती भिंगात आली, आणि त्या दिवसापासून विहीणबाई औषधं माझ्या लेकीला विचारून घेतात.

नंतरच्या काळात मला त्यांच्या सवयी कळत गेल्या आणि प्रत्येक सवयीला माझं रक्त थोडं थोडं आटत गेलं. घरातली जाळी काढायची नाहीत, हा पहिला नियम. मीटरच्या पेटीवर एक जाळं, देवघराच्या खिडकीत एक, आणि पाहुण्यांच्या खोलीत, बरोब्बर माझ्या उशीच्या वर, एक. "ताई, तिची पिल्लं फुटणार हायेत, आठ दिवस थांबा," असं म्हणून त्यांनी माझी उशी दुसऱ्या बाजूला केली. जाळं हलवलं नाही. रोज सकाळी सहाला सगळ्या विहिणी एकमेकींना गुलाबाचं फूल नाहीतर देवाचं चित्र पाठवतात. मला आठ डोळे यायचे. केसाळ, ओले, थेट माझ्याकडे पाहणारे आठ डोळे आणि खाली 'शुभ सकाळ, ताई'. पहिल्या दिवशी मोबाइल पोह्यांत पडला. एकदा केळीचा सौदा करायला एक मारवाडी शेठजी घरी आले होते. बोलणं रंगात आलं होतं, बशीत चहा ओतलेला होता, तेवढ्यात मागून रेवा ओरडली, "आजी, कात टाकतोय!" विहीणबाई सौदा, शेठजी आणि मला तसंच टाकून पळाल्या. शेठजी बशी हातात धरून पंधरा मिनिटं बसले, मग हळूच मागे गेले. परतले तेव्हा त्यांचा चेहराच बदलला होता. "बाई," ते मला म्हणाले, "टोळ जुन्या अंगरख्यातून निघतो, नवा होऊन. सत्तर वर्षांचा झालो, मला कोणी सांगितलं नव्हतं." मी मान डोलावली. मलाही कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी सांगूही नये, अशीच माझी इच्छा होती.

रेवाचं तर विचारू नका. आजीला जीव शोधून द्यायचं आणि त्यांची नावं ठरवायचं काम तिच्याकडे होतं, आणि ते करताना ती उरलेल्या जगाचा जीव घ्यायची. माझ्या चष्म्याच्या डबीतून नाकतोडा निघाला. पदराला चिकट चिकट लागतंय म्हणून पाहिलं, तर मुंगळ्यांची रांग, पोरीने गूळ लावून ठेवला होता, "धुळ्याच्या आजीकडे सगळे आपोआप येतात का ते बघायला." आजीलाही तिने सोडलं नाही. चिंचोक्यावर शाईचे ठिपके काढून तो कढीपत्त्याच्या पानावर चिकटवला आणि नवा भुंगा सापडल्याची वर्दी दिली. विहीणबाई अर्धा तास श्वास रोखून फोटो काढत होत्या. "लई शहाना हाये, बिलकुल हालत नाही," असं त्यांनी कौतुक करताच रेवा अंगणात लोळून हसली. विहीणबाईंनी पानाला बोट लावलं, चिंचोका हातात घेतला आणि त्या नातीपेक्षा मोठ्याने हसल्या. माझ्या पोरीने माझी अशी फजिती केली असती, तर मी दोन दिवस बोलले नसते.

रेवाच्या सहाव्या वाढदिवसाला मी चार दिवस आधी गेले. मागच्या अंगणात मांडव घालून वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची पंगत बसणार होती. विहीणबाई रेवाला घेऊन वरणगावला नात्यातल्या बाईंना आमंत्रण द्यायला गेल्या होत्या, संध्याकाळी येणार होत्या. लेक-जावई कामावर. घरात मी एकटी, आणि समोर ते अंगण. घोसाळ्याच्या वेलावर जाळी, लिंबावर सुरवंट, हौदाच्या कडेला कुंभारमाशीची मातीची घरटी. शंभर माणसं इथे जेवायला बसणार आणि कोणाच्या तरी वरणात काहीतरी पडणार, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मदत करावी, इतकंच मनात होतं. खोटं कशाला सांगू, वर्षभराचा थोडा रागही होता. रस्त्याने पाठीवर पंप घेतलेला एक फवारणीवाला चालला होता, त्याला मी हाक मारली. त्याने एक पंप मारला. मी म्हटलं, अजून एक मार. मग खराट्याने सगळी जाळी काढली, घरटी फोडली, सडा टाकला, रांगोळी काढली, आणि ओट्यावर बसून वाट पाहत राहिले. त्या घरात मला पहिल्यांदाच इतकं मोकळं वाटत होतं.

दिवेलागणीच्या आधी दोघी आल्या. विहीणबाई उंबऱ्यातच थबकल्या. त्यांनी हवा हुंगली. मी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात रेवा माझ्या बाजूने मागे पळाली. परत आली ती दोन्ही मुठी भरून, आनंदाने फुललेली. "आजी, बघ ना! आज कोणी उडतच नाहीये! सगळे नीट बसलेत. आज फोटो चांगले येतील!"

आणि बोलता बोलता, सवयीने, तिने अंगठा तोंडाकडे नेला.

विहीणबाईंचा चढलेला आवाज मी तेव्हा प्रथम ऐकला. "टाक! टाक ते! हात दाव!" त्यांनी झडप घालून पोरीचा हात धरला. साबणाने तीनदा हात धुतले, तोंड धुतलं, कपडे उतरवून नवे घातले, आणि मला म्हणाल्या, "कोणतं औषद मारलं? डबा कोठी हाये?" मला औषधाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. फवारणीवाल्याने टाकलेला डबा अंगणाच्या कोपऱ्यात पडला होता. तो पिशवीत घालून आम्ही रिक्षाने बसस्टँडजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. रेवा घाबरून रडत होती, मी तिच्याहून जास्त. डॉक्टरांनी डबा वाचला, पोरीला तपासलं, दोन तास समोर बसवून ठेवलं. त्या दोन तासांत मी कोणकोणते नवस बोलले, ते माझं मलाच आठवत नाही. शेवटी ते म्हणाले, "काही गेलेलं नाही पोटात. लगेच धुतलंत ते बरं केलंत. घरी न्या."

येताना रेवा आजीच्या मांडीवर झोपली. मी म्हटलं, "विहीणबाई, मला काय बोलायचं ते बोला." विहिणीला असं सांगणारी मी खानदेशातली पहिलीच असेन. त्यांनी रेवाच्या अंगावर पदर ओढला. मग म्हणाल्या, "काय बोलू, ताई? तुमी एक डाव केलं. मी चाळीस वर्सं केलं. बागेत पंप मारता मारता जन्म गेला माह्या. ज्याले मारलं त्याचं तोंड कदी पाह्यलं नव्हतं. ते भिंग आलं तव्हा पहिल्यांदा पाह्यलं." एवढंच. मला त्यांनी शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवा माझ्या अंथरुणाशी येऊन उभी राहिली. "तू त्यांना मारलंस?" सबंध नोकरीत मी कधी चूक कबूल केली नव्हती, फाइलमध्ये नेहमी दुसऱ्याची सही सापडायची. मी म्हटलं, "हो." "का?" खरं कारण फार छोटं होतं. "मला भीती वाटते गं त्यांची." रेवाने डोळे विस्फारले. "एवढ्या मोठ्या बाईला?" मग माझा हात धरून तिने मला घराच्या पुढे नेलं. मीटरच्या पेटीखाली एक कोळी शिल्लक होता. पंप तिथवर पोचला नव्हता. तिने आजीचा मोबाइल आणला, भिंग लावलं आणि हुकूम सोडला, "श्वास बंद कर. बघ."

मी पाहिलं. आधी नुसता तपकिरी धूर. मग तो एकदम ठळक झाला. समोर चार डोळे, त्यांत दोन मोठे, काळेभोर, पाणीदार. खाली पांढऱ्या केसांच्या मिशा, थेट आमच्या जुन्या हेडक्लार्कसारख्या. त्याने मान वळवली. कोळी मान वळवतो, असं मला वाटलं तरी नव्हतं. तो माझ्याकडे पाहत होता. मी किंचाळले नाही. "घाबरलीस?" रेवाने विचारलं. मी म्हटलं, "नाही. लाज वाटतेय." तिला ते काही कळलं नाही. ती म्हणाली, "मग अजून बघ."

पंगत त्या अंगणात झाली नाही. विहीणबाईंनी ती पुढच्या रस्त्यावर मांडव घालून उरकली आणि मागचं दार आठ दिवस बंद ठेवलं. रोज सकाळी मला फोटो येत राहिले. रिकामं लिंबाचं पान, रिकामा वेल, हौदाची कोरडी कड. टोमणा त्यात नव्हता. जे होतं ते त्या पाठवत होत्या. आधी मुंग्या आल्या. पाऊस झाल्यावर गोगलगायी आल्या. दिवाळीच्या सुमारास एक हिरवा सुरवंट आला तेव्हा त्यांनी फोटो न पाठवता फोनच केला, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने मी धुळ्याहून निघाले. आमच्या घरात मी कारण सांगितलं, "लेकीला भेटायला."

यंदा जावयाची बदली पुण्याला झाली आणि जूनमध्ये रेवा तिकडे गेली. तिच्या नव्या घराला अंगण नाही, चौथा मजला आहे. विहीणबाई सावद्यालाच राहिल्या. आता महिन्यातून एकदा मी जाते. आम्ही दोघी लिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसतो, त्या फोटो काढतात, मी पानं बाजूला धरते आणि घाबरले नाही असं दाखवते. मागच्या खेपेला शेवग्याच्या खोडावर एक नवा कोळी आला होता, सोनेरी पट्ट्यांचा, फार देखणा. विहीणबाईंनी फोटो काढला आणि मोबाइल हातात धरून बसून राहिल्या. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "नाव काय ठेवू याचं? नावं ठेवायचं काम रेवाकडे व्हतं. तुमी ठेवा, ताई."

आयुष्यभर मी लोकांना नावं ठेवली. साहेबांना, शेजाऱ्यांना, लग्न जुळल्यापासून या विहिणीलासुद्धा. त्या दिवशी कोळ्याकडे बघत बसले आणि एकही नाव सुचेना. शेवटी विहीणबाईंनीच मोबाइल पदरात गुंडाळला. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पोर सुटीत येईन, तव्हा तीच ठेवीन." मग आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत तिथेच बसलो, त्या बिननावाच्या पाहुण्यासमोर.