साखरपुड्याच्या बट्ट्या आणि माझी सही

माझ्या मुलीचा साखरपुडा झाला, पण आमचे भडगावकडचे नातेवाईक आलेच नाहीत. त्यांच्यात सकाळीच एक मयत झाली. आम्ही धुळ्यात, देवपूरच्या हॉलमध्ये. दुपारचे दोन वाजलेले, मे महिना, आणि साठ-सत्तर माणसांचं वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि जिलेबी, सगळं तसंच उरलेलं.

साक्री रोडला एक वृद्धाश्रम आहे. मी फोन लावला. मला वाटलं, तिथले लोक म्हणतील, लवकर आणा. तिथल्या व्यवस्थापक बाई पूर्वी नर्स होत्या. त्यांनी विचारलं, "किती वाजता शिजवलंय? कोणी? आचाऱ्याकडे परवाना आहे का? कागदावर लिहून, सही करून आणा."

आचारी नाना कढई उतरवत होते. मी त्यांच्यापुढे कागद धरला. त्यांचा चेहराच उतरला.

"बठ्ठं ताजं शे, अक्का," सगळ्या भांड्यांकडे हात करत ते म्हणाले. "पन सहीनं काम मन्हं नही."

"तुम्हीच शिजवलंय ना, नाना?"

"शिजाडं मी. देतस तुम्ही."

त्यांचंही चूक म्हणता येईना. जळगावला माझा मावसभाऊ वकील आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "उरलेलं अन्न देण्याचे नियम आहेत ताई, पण ते मुख्यतः हॉटेलवाले, केटरर, संस्था यांच्यासाठी. तुझं घरचं कार्य. पण आचारी धंदेवाईक. म्हणजे तुझं नेमकं कशात बसतं, ते बघावं लागेल."

"अरे, पण देऊ की नको?"

"दे की. चांगल्या मनाने देतेयस." मग थांबून म्हणाला, "कुणाला काही झालं तर मात्र जबाबदारीचा प्रश्न येतो."

"कुणावर?"

"तेच बघावं लागेल."

अन्न खात्याच्या कार्यालयातही फोन केला. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही संस्था आहात का? नाही. हॉटेल? नाही. मग ते जरा गोंधळले आणि म्हणाले, "डब्यांवर पदार्थाचं नाव आणि शिजवल्याची वेळ लिहा. लवकर द्या." एवढं मात्र कळलं. नवरा म्हणाला, गायींना घालू, सुटू एकदाचे. मला ते पटेना. शेवटी मीच वेळ लिहिली, खाली सही केली आणि रिक्षात डबे घातले.

बाईंनी झाकणं उघडून वास घेतला. वरण आणि भाजी परत केली. इतका वेळ उन्हाळ्यात राहिलेलं नको म्हणाल्या. बट्ट्या आणि जिलेबी ठेवून घेतली, पुढे काही झालं तर तपासायला नमुना म्हणून त्यातलं थोडं वेगळं काढून फ्रिजमध्ये ठेवलं. "वरण आम्ही इथे करू," म्हणाल्या. पहिली बट्टी त्यांनी स्वतः खाल्ली. मला अपमान वाटला, आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"तुमच्याकडे कुणाला पोटाचा त्रास नाही ना? आमच्या एका आबांना रात्रीपासून जुलाब होतायत."

आबा कसे आहेत, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, "त्यांनी आमची बट्टी खाल्ली होती का?"

"विचारून सांगते," बाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत मी सगळ्या पाहुण्यांना फोन करत सुटले. सगळे ठणठणीत. नानांना फोन लावला तर ते म्हणाले, "मी सांगं व्हतं ना?" काय सांगितलं होतं, ते मला आठवेना. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, साखरपुड्यात काही बिनसलं.

तीन वाजता बाईंचा फोन आला. आबांना सलाईन लावलं होतं, आता बरे होते. त्यांनी आमचं काहीच खाल्लं नव्हतं. दात नाहीत, म्हणून रोजची दूध-भाकरीच घेतली होती.

"मग कशाने झालं?"

"ऊन असेल. नक्की कोण सांगणार?"

मी सुटले होते. तरी चैन पडेना. संध्याकाळी रिकाम्या हातांनी आश्रमात गेले. आबा खाटेवर बसले होते. त्यांना वाटलं, मी त्यांच्या सुनेच्या माहेरची आहे. मी नाही म्हटलं नाही. पहूरकडच्या त्यांच्या केळीच्या बागेचं ते बराच वेळ सांगत राहिले आणि मी ऐकत बसले. मी कशाला आले, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं.