दरडीत गेलेलं शेत

वाळ्याचा वास आला की मला पोलादपूरच्या घाटातलं सासर आठवतं. मोटारींसाठी डोंगर कापल्यापासून आमचं नाचणीचं शेत पावसाळ्यात थोडं थोडं खालच्या रस्त्यावर ढासळायचं. मी नवी सून होते. "ही मुळं धरली तर शेत ऱ्हाईल गो," म्हणत सासूबाईंनी माझ्यासोबत उतारभर वाळा लावला. श्रावणातल्या एका सकाळी निम्मं शेत वाळ्यासकट खाली गेलं. रस्त्यावरचे मजूर ती माती दरीत लोटत होते. "रे बाबांनो, आमची माती हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "आजी, मोटारी खोळंबल्यात," मुकादम म्हणाला आणि फावडी चालूच राहिली. सासूबाई चिखलातली रोपं वेचून पुन्हा लावायला निघाल्या. पुढच्या पावसात उरलेलं शेतही गेलं. आज मी त्यांच्या वयाची झाले, तरी त्या सकाळी त्यांना काय सांगायला हवं होतं, ते मला अजून सुचत नाही.